शस्त्रक्रियेनंतरची जखम : घरातील निगा आणि पथ्य

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील अनेक रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोल्यास किंवा नागपुरास जातात. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया रूढ झाल्यापासून रुग्णालयातील मुक्काम पुष्कळ कमी झाला आहे. रुग्ण थोड्याच दिवसांत घरी परततो. जखम मात्र घरीच भरून यायची असते. सुश्रुतसंहितेत व्रणी रुग्णाचा निवास व दिनचर्या यांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. जैन परंपरेनेही वैयावृत्त्याला, म्हणजे सेवेला, आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. ही सेवा डोळस हवी.

पट्टी आणि स्वच्छता

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पहिले 48 तास पट्टी कोरडी ठेवावी व विनाकारण उघडू नये. पट्टी बदलण्यापूर्वी व नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. जुनी पट्टी काढल्यावर पुन्हा हात धुऊन मगच नवी लावावी. जखमेला लागणारा कापसाचा किंवा जाळीचा भाग बोटांनी स्पर्शू नये. पट्टी चिकटली असल्यास ओढून न काढता निर्जंतुक सलाईनने भिजवून सैल करावी. हळद, तूप, तेल, राख किंवा घरात पडून असलेले मलम टाक्यांवर लावू नये. स्नानाची परवानगी मिळाल्यावर जखमेवरून पाणी हळुवार वाहू द्यावे आणि स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये.

चेहऱ्यावरील टाके साधारण 5 दिवसांनी, पोटावरील 7 ते 10 दिवसांनी, सांध्यांवरील 10 ते 14 दिवसांनी काढतात. ही तारीख पेढीवरील कामासाठी पुढे ढकलू नये.

धोक्याची चिन्हे

आरंभी थोडी लाली व ठणका स्वाभाविक असतो. परंतु लाली पसरत असेल, सूज किंवा वेदना दिवसेंदिवस वाढत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, टाके उसवले असतील, ताप 100.4 फॅरनहाइट वा अधिक असेल, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकांशी संपर्क साधावा. जखम उघडून आतील भाग दिसू लागल्यास किंवा रक्तस्राव थांबत नसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. संसर्ग महिनाभरातही उद्भवू शकतो. गुडघ्यात किंवा खुब्यात कृत्रिम सांधा बसविला असल्यास त्याहूनही उशिरा. मधुमेहींनी रक्तातील साखरेवर विशेष लक्ष ठेवावे. तंबाखू व धूम्रपान यांनी रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरण्यास विलंब लागतो.

आहार, व्रत आणि औषधे

नवे मांस तयार होण्यास प्रथिने लागतात. मूग, तूर, हरभरा, दूध, दही, पनीर यांतून शाकाहारी घरातही ती पुरेशी मिळतात. आवळा व लिंबू यांतून क जीवनसत्त्व मिळते. पर्युषण किंवा आयंबिल ओळी जवळ आली असेल, तर उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

चौविहार पाळणाऱ्यांच्या घरी प्रश्न पडतो तो रात्रीच्या गोळीचा. गोळी परस्पर गाळणे घातक ठरते. सूर्यास्तानंतर काही घेत नसल्याचे घरी सोडतानाच सांगितल्यास, वेळा बदलता येतील का किंवा दिवसातून कमी वेळा घ्यायचे औषध देता येईल का, हे डॉक्टर ठरवू शकतात. ते शक्य नसेल, तर आजारपणातील सवलतीबाबत गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते, तर कॅटगट हा टाक्यांचा धागा प्राण्यांच्या आतड्यांपासून होतो. दोहोंना बहुधा पर्याय असतात. म्हणून हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. कॅप्सूल स्वतः फोडून घेऊ नये.

दुकानाची घाई

सोयाबीन-तुरीच्या हंगामात गादीवर बसण्याची ओढ अनावर होते. परंतु वरून भरलेली जखम आतून दुर्बळच असते. तीन आठवड्यांनी तिला मूळ त्वचेच्या एक-तृतीयांशाहून कमीच बळ आलेले असते. हर्नियाच्या रुग्णाने घाईने पोते उचलले, तर शस्त्रक्रिया व्यर्थ जाण्याचा संभव असतो. गादीवर केव्हा बसावे आणि वजन केव्हा उचलावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोहोंची उत्तरे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत आणि तो कागद घरच्यांच्या हाती असावा.