भीती आणि शिकणे

रानात एकदम साप दिसला तर माणूस विचार करीत बसत नाही. उडी मारून मागे सरतो. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. मागाहून कळते, अरे, हा तर दोर!

हे काम मेंदूचे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक लहान भाग आहे. धोक्याची वर्दी तो देतो. नीट विचार करणारा भाग कपाळामागे असतो. भीती मोठी झाली की त्याचे काम मंदावते. जीव वाचवायला हे ठीक. पाढे म्हणायला ठीक नाही.

आता शाळेत चला. आपल्या केळापूर तालुक्यात कोलाम पोड आहेत. तिथले पोर पहिलीत येते. घरी कोलामी बोली, शाळेत मराठी. गुरुजींनी विचारले, पोर गप्प. गुरुजींनी डोळे वटारले, की येत होते तेही गेले! लोक म्हणतात, 'ढ आहे.' ते ढ नाही, भ्यालेले आहे.

आणि भीती काय फक्त पोरालाच असते? गुरुजी व्हायला बारावीनंतर दोन वर्षे शिकावे लागते. आपण त्याला अजून डीएडच म्हणतो. त्या काळात शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. समोर पोरे, मागे वही घेऊन बसलेले परीक्षक. पुढे नोकरी लागते की नाही ही धास्ती वेगळीच. त्याचेही तोंड कोरडे पडते. पाठ केलेले विसरते. मग तो ओरडतो. पोरे आणखी भितात. घरी जाताना तो म्हणतो, 'ही पोरे शिकणारी नाहीत.' असे मत एकदा बसले की पुढे तीस वर्षे पुसत नाही.

दुसरा एखादा पहिल्याच दिवशी सतरंजीवर खाली बसतो. विचारतो, 'बैलाला तुमच्या घरी काय म्हणतात रे?' पोर सांगते. गुरुजी चुकीचे उच्चारतात. सगळा वर्ग हसतो. तिथेच दोघांचीही भीती गेली. या कामात मौज आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी पोरांसाठी शाळा कुरणात घेऊन गेल्या, कारण पोरे तिथे गुरे राखीत होती.

'मारा, पण शिकवा,' असे आईबापच सांगत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारणे आणि मनाला छळणे दोन्ही बंद केले. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तेव्हा तुमच्या गावी असा शिकाऊ गुरुजी आला, तर त्याला तुमच्या घरच्या बोलीतले दहा शब्द सांगा.