बर्फाच्या देशात जाण्यापूर्वी

थंडीची सहल म्हटली की पूर्वी आपली धाव महाबळेश्वरपर्यंत, फार तर सिमला-मनालीपर्यंत असे. आता मुलगा किंवा मुलगी परदेशात नोकरीला असते, सहल कंपन्याही आकाशातला उत्तरेचा प्रकाश दाखवायला थेट फिनलंड-नॉर्वेला नेतात. दिवाळी झाली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, बर्फात जायचंय, जॅकेट कोणतं घेऊ?" माझे उत्तर ठरलेले आहे. जॅकेट नंतर, आधी तुमची फाईल घेऊन या. कारण अशा सहलीची तयारी दुकानापासून नव्हे, आपल्या शरीरापासून सुरू होते.

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे त्याची बातमी होते. फिनलंडच्या उत्तर भागाला लॅपलंड म्हणतात. तेथील रोव्हानिएमी हे गाव उत्तर ध्रुववृत्ताला लागून आहे. तेथे हिवाळ्यात उणे २० अंश सेल्सिअस ही नवलाची गोष्ट नाही. जानेवारी १९९९ मध्ये त्याच लॅपलंडमधील पोक्का येथे उणे ५१.५ अंश तापमान नोंदले गेले. त्यात वारा असेल तर थंडी आणखी बोचते. उणे २० अंशांत ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे ३० अंशांसारखे जाणवते.

कधी जावे?

बहुतेकांना नाताळात जायचे असते. पण त्या दिवसांत रोव्हानिएमीत दिवस जेमतेम सव्वादोन तासांचा असतो. त्याहून उत्तरेला तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. फिनलंडचे लोक या काळाला 'कामोस' म्हणतात. सतत अंधार असला की झोपेचे गणित बिघडते, मरगळ येते, आणि अंधारात पाय घसरण्याचा धोकाही वाढतो.

साठीपुढच्या मंडळींना मी मार्च महिना सुचवतो. तेव्हा बर्फ भरपूर असतो, थंडी थोडी सौम्य झालेली असते, दिवस सुमारे बारा तासांचा होतो आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर उत्तरेचा प्रकाशही दिसू शकतो. मात्र मार्चमधल्या उन्हात बर्फावरून येणारी तिरीप डोळ्यांना त्रास देते. म्हणून चांगला काळा चष्मा जवळ हवाच.

आधी तपासणी

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यातच अंगावर जड कपडे आणि पायाखाली भुसभुशीत बर्फ. घरी सपाट रस्त्यावर आरामात चालणाऱ्यालाही तेथे धाप लागू शकते.

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. मुलगी हेलसिंकीत नोकरीला. नातवाबरोबर लॅपलंडला जायचे ठरलेले, डिसेंबरचे तिकीट काढायच्या बेतात होते. दीड वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. "सर, जिना चढताना काही होतं का?" असे विचारल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "छातीत थोडं जड वाटतं. पण घरी बोललो नाही. बोललो तर जाणं रद्द करतील." मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तपासण्या झाल्या, औषधे बदलली, जिना त्रास न होता चढता येऊ लागला. ते मार्चमध्ये जाऊन आले. रोज थोडा वेळ बाहेर आणि बाकीचा वेळ खिडकीशी बसून नातवाचा खेळ पाहणे, असा त्यांचा नेम होता. लपवून ठेवलेले दुखणे परक्या देशात बर्फात उघडे पडले असते, तर काय झाले असते हे सांगायला नको.

म्हणून जाण्यापूर्वी दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा यांपैकी काही असेल तर तपासणी करून घ्या. फ्ल्यूची लस घ्यायची असेल तर ती निदान दोन आठवडे आधी घ्यावी. दमेकऱ्यांनी बाहेर पडताना नाक-तोंडावर मफलर घ्यावा आणि पंप आतल्या खिशात ठेवावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर फारच जपावे. बोटे गारठून बधिर झाली तरी त्यांना कळत नाही.

कपडे: जाड एक नको, पातळ तीन

आपली सुती बंडी येथे कामाची नाही. ती घाम शोषते आणि ओलीच राहते. ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. म्हणून अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व बर्फ अडवणारे जॅकेट, असे तीन थर हवेत. चालताना घाम येऊ लागला तर एक थर कमी करावा. थंडीच्या देशात घामाघूम होणे हे धोक्याचे आहे.

बूट एक नंबर मोठे घ्यावेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात. भगिनींनी तेथे साडीचा आग्रह धरू नये. धातू लवकर गार होतो, म्हणून जोडवी, अंगठ्या, कानातले काढून ठेवावे. स्नो-स्कूटरच्या फेरीसाठी जाड पोशाख आणि बूट तेथे बहुधा मिळतात. सगळेच विकत घेऊन खर्चात पडू नका.

हिमदंश ओळखा

नाक, कान, गाल आणि बोटे यांना हिमदंशाचा पहिला फटका बसतो. आधी टोचल्यासारखे दुखते, मग दुखणे थांबते आणि भाग बधिर होतो. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे समजू नका. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन दिसत नाही, ती राखाडी किंवा मेणासारखी दिसते. बरोबरच्यांनी एकमेकांचे चेहरे अधूनमधून पाहावेत.

असा भाग चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये, शेकोटीवरही धरू नये. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. पुन्हा थंडीत जावे लागणार असेल, तर आधीच ऊब देऊ नये.

एखादा माणूस अडखळत चालू लागला, बोबडे बोलू लागला, त्याला जाकिटाची चेनही लावता येईना, तर त्याच्या शरीराचे तापमान घसरत आहे असे समजावे. कुडकुडणे थांबून तो सुस्त झाला तर धोका वाढला. त्याला आत न्या, ओले कपडे काढा, पांघरुणात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या. फिनलंडमध्ये मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. 'थंडीत थोडी घेतली की ऊब येते' हा समज साफ चुकीचा आहे. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात. माणसाला गरम वाटते आणि आतली ऊब निघून जाते.

घसरणे, सौना आणि पाणी

थंडीइतकाच धोका निसरड्या बर्फाचा आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर ते दुखणे फार महागात पडते. बुटाला लावायचे काटे मिळतात, ते घ्यावेत. छोटी पावले टाकावीत, हात खिशात घालू नयेत. फिनलंडमध्ये अंधारात पायी चालणाऱ्याने अंगावर प्रकाश परतवणारी पट्टी लावावी, असा नियमच आहे.

सौना म्हणजे फिनलंडची वाफारा घेण्याची लाकडी खोली. तिची परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आत साधारण ८० अंश उष्णता असते. तेथील लोकांना लहानपणापासून सवय असते, आपल्याला नाही. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटे पुरे. हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. सौनातून निघून थेट बर्फात उडी मारण्याचे धाडस त्यांनी करू नये.

थंडीत तहान लागत नाही, पण हवा कोरडी असल्याने शरीर सुकते. ठरवून पाणी प्यावे. ओठांना पेट्रोलियम जेली लावावी. नेलेले खोबरेल तेल पिशवीत दगडासारखे गोठेल. खिशात चिक्की, खजूर, शेंगदाणे असावेत. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी घरीच राहू द्या.

औषधे आणि विमा

सर्व औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. आठवडाभराची जास्तीची असावीत. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकू नये. बाहेर फिरताना ते अंगालगतच्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये, टाकून द्यावे. साखर मोजण्याचे यंत्रही गारठले की चुकीचा आकडा दाखवू शकते किंवा बंद पडते.

शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण अनेक विमा योजनांत आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. सही करण्यापूर्वी बारीक अक्षरांतला मजकूर कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. आपला आजार लपवून विमा काढू नका.

तेव्हा वाचकहो, बर्फ पाहायला जरूर जा. सामानाची यादी मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या तब्येतीवरून करा. अंग कोरडे, पोट भरलेले आणि औषध खिशात असेल, तर उणे वीस अंशांतही सहलीचा आनंद मनसोक्त घेता येतो.