सेक्रेटरी सही करत नाहीत, मग?

रविवारी रात्री नऊची मीटिंग. मीटर रूमला लागून असलेल्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सात जण. टेबलावर लिफ्टच्या देखभालीचं बिल आणि चेकबुक. सेक्रेटरी म्हणाले, "मी सही करणार नाही," आणि चेकबुक घेऊन उठले. कारण सांगायलाही थांबले नाहीत. पुढे नऊ दिवस लिफ्ट बंद होती आणि पाचव्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. त्या नऊ दिवसांत ऐकलेले बहुतेक सल्ले चुकीचे निघाले.

सगळ्यांत जास्त ऐकलं ते, "चेअरमननी त्यांना काढून टाकावं." चेअरमनना तो अधिकारच नाही. कमिटीवर माणूस येतो सभासदांच्या मतांवर. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार ही पदं तेवढी कमिटी आपल्यातून भरते. त्यामुळे पदावरून हटवणं वेगळं आणि कमिटीतून घालवणं वेगळं. पदाधिकाऱ्यावर अविश्वास ठराव आणता येतो. त्यासाठी कमिटीच्या किमान एक तृतीयांश सदस्यांच्या सह्यांचं मागणीपत्र सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे जातं आणि ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश बहुमत लागतं. तो मंजूर झाला तरी जातं ते पद, कमिटीतली जागा राहते. जागा जाण्याची कारणं निराळी आहेत. उदाहरणार्थ, आदर्श उपविधींनुसार रजा न घेता लागोपाठ तीन मासिक सभांना दांडी मारणं.

"व्हॉट्सॲप ग्रुपवर मत घेऊन टाका," हा दुसरा सल्ला. ग्रुपवर चाळीस अंगठे आले तरी तो ठराव होत नाही. ठराव सभेत होतो आणि इतिवृत्तात लिहिला जातो.

सर्वांत घातक गैरसमज मात्र वेगळाच आहे: विरोध करतो तो असहकारी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर सामूहिक आणि वैयक्तिक, दोन्ही असते. ज्याला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं एकच कोटेशन पटत नाही, त्याने विरोध करायलाच हवा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायलाही हवा. माझी कसोटी साधी आहे: माणूस कारण देतो का, आणि पर्याय सुचवतो का? देत असेल तर तो अडवत नाही, स्वतःचं काम करतोय.

आमच्या सेक्रेटरींचंही तसंच झालं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांचा नकार इतिवृत्तात लिहिला आणि कारण लेखी मागितलं. त्यांनी लिहून दिलं की वार्षिक करार जुन्याच दराने, दुसरीकडे चौकशी न करता वाढवलाय. त्यात तथ्य होतं. बिल त्याच दिवशी चुकतं झालं आणि नव्या करारासाठी तीन कोटेशन मागवायचं ठरलं. आदर्श उपविधींनुसार चेकवर सेक्रेटरींची आणि सोबत चेअरमन किंवा खजिनदार यांची सही लागते. पैसे कुणा एकाच्या हाती राहू नयेत म्हणून ही तरतूद आहे. कुणा एकाने सोसायटी वेठीला धरावी म्हणून नाही.

निवडणुकीनंतर जुने पदाधिकारी सभासदांच्या नोंदीचं 'आय' रजिस्टर, इतिवृत्ताची वही, बिलांच्या फायली घरीच ठेवतात आणि लोक समजतात, आता काही करता येत नाही. येतं. दप्तर नव्या कमिटीच्या ताब्यात देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि टाळाटाळ झाली तर निबंधक ते ताब्यात घ्यायची कारवाई करू शकतात.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीकडे करणारेही पुष्कळ भेटतात. सरकारच्या पैशावर न चालणाऱ्या सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलंय. पण त्यावाचून अडत नाही. हिशेब आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क सहकार कायद्यानेच सभासदाला दिला आहे.

आणि कमिटी ढिम्मच राहिली तर? एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीत त्यासाठी दहा सह्या पुरतात. जिन्यात उभं राहून कुरकुर करणाऱ्यांची संख्या बहुधा याहून जास्त असते.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. यंदाची नोटीस आली की मागचं इतिवृत्त मागून वाचा आणि सभेला जा.