वाघाच्या फोटोची तयारी माळावर

सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगहून ताडोबाला जायचे म्हणजे तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत चंद्रपूर गाठायचे. एवढ्या लांब जाऊन वाघ समोर आला आणि फोटो हलला, तर जीव हळहळतो. म्हणून सफारी ठरली की मी आधी कॅमेरा घेऊन नान्नजच्या माळाला जातो. १९७९ साली माळढोकसाठी राखलेल्या या अभयारण्यात आता काळवीटच जास्त भेटतात, आणि वाघाच्या फोटोचा सराव काळविटावर उत्तम होतो. नराची पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र. कॅमेरा काळ्या रंगाला फसून फोटो जास्त उजळ करतो आणि पोटाचा पांढरा रंग पार उडून जातो. उन्हात बसलेल्या वाघाच्या गालांवरचा पांढरा रंगही असाच उडतो. उजेड किती कमी करायचा, हे बोटांना इथेच कळलेले बरे. वाघासमोर विचार करायला वेळ नसतो.

लेन्स टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात घरचीच ज्वारी भरायची. जिप्सीच्या दांडीवर ती घट्ट बसते. इंजिन बंद करायला सांगायचे, नाहीतर थरथर फोटोत उतरते. पहाटे उजेड कमी असला तरी चालत्या वाघासाठी शटर पाचशेच्या खाली नेऊ नये, आयएसओ वाढवावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

ताडोबाचे बुकिंग ऑनलाइन, तेही लवकर करावे. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, पावसाळ्यातही बंद. मोबाइल आत नेता येत नाही. हिवाळ्यात उजेड सुंदर, पण गवत उंच. एप्रिल-मेमध्ये सागाची पाने झडलेली असतात, वाघ पाणवठ्याला येतो. ऊन सोसत असेल तर माझी पसंती उन्हाळ्यालाच.

आत गेल्यावर गाइडचे कान महत्त्वाचे. चितळ जरा घाबरट, कशालाही ओरडते. सांबर ओरडले की मात्र गाडी थांबवावी आणि गप्प बसावे. बक्षिसाचे आमिष दाखवून वाघाच्या वाटेत गाडी घालायला लावणारे पर्यटक मी पाहिलेत. अशा फोटोला मी फोटो मानत नाही.

आणखी एक. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून एक नर वाघ आपल्या बाजूला चालत आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. बार्शी तालुक्यातही त्याचा वावर आढळला. तो भाग आपल्याला ताडोबापेक्षा कितीतरी जवळ, म्हणून मोह होतो. पण तिथे शेते आहेत, गुरे आहेत, रात्री पाणी द्यायला जाणारी माणसे आहेत. गर्दीने बिथरलेला वाघ त्यांच्याच अंगावर जाईल. असा वाघ आपल्या भागात आल्याचे कळले, तर कॅमेरा घेऊन त्याच्यामागे जाऊ नका. वन विभागाला कळवा.