टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप केव्हा लागावा, केव्हा सुटावा

मोटारीत क्लचचे पायडल नसले म्हणजे क्लचचे काम नाहीसे होते असे नव्हे; ते दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आता शहरापुरत्या राहिलेल्या नाहीत. बागायतदारांच्या अंगणातही त्या उभ्या दिसतात आणि माणसे व सामान भरून घाट चढतात. अशा वेळी गिअरपेटी का तापते, आणि 'लॉकअप लवकर लावून देतो, ॲव्हरेज वाढेल' असे सांगणाऱ्या कारागिराचे ऐकावे की नाही, हे प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना विचारले जाऊ शकतात. चुकीच्या उत्तराने गिअरपेटी उघडावी लागली तर तो खर्च एखाद्या हंगामाची शिल्लक खाऊन टाकतो. म्हणून या भागाची रचना थोडी विस्ताराने समजून घेणे इष्ट आहे.

प्रथम गाडीची जात ओळखावी. पायडल नसलेल्या काही गाड्यांत नेहमीचाच क्लच असतो व तो यंत्राकडून दाबला जातो. काहींत दोन क्लच असतात. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांपुरतेच आहे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत याचा उल्लेख असतो.

कन्व्हर्टर म्हणजे तेलाने भरलेला बंद डबा होय. त्यातील एक पंख्यासारखे चक्र इंजिनाबरोबर फिरते आणि विहिरीवरील पंपाचा पंखा जसे पाणी बाहेर फेकतो तसे तेल फेकते. ते तेल समोरच्या दुसऱ्या चक्रावर आदळून त्यास फिरविते व तेथून शक्ती गिअरपेटीत जाते. दोघांमध्ये लोखंडाचा सांधा नाही. आहे तो तेलाचा प्रवाह. यामुळेच गाडी गिअरमध्ये उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. या दोन चक्रांच्या मधोमध 'स्टेटर' नावाचे तिसरे लहान चक्र असते. दुसऱ्या चक्रातून परतणारे तेल उलट्या दिशेने येऊन पहिल्यास अडवील. स्टेटर त्याची दिशा पालटून तेच तेल पहिल्या चक्राच्या मदतीस लावतो. त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जातो. गावात तळ्याचा गाळ काढणारे जेसीबी यंत्र पाहिले असेल: ढिगाऱ्यात बकेट रुतते, चाके जवळजवळ थांबतात, इंजिन मात्र घोंघावत असते आणि मग ढीग हळूहळू सरकतो. त्या यंत्रातही कन्व्हर्टरच हे काम करीत असतो.

गाडीने वेग घेतला, दोन्ही चक्रांची गती जवळ आली, की स्टेटरची गरज उरत नाही. तो सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे एका दिशेस मोकळा फिरू लागतो. पिळाची वाढ तेथे संपते, घसरण मात्र संपत नाही. दुसरे चक्र पहिल्यापेक्षा किंचित मागे राहिले तरच तेल वाहते. दोघांची गती अगदी समान झाली तर शक्ती पोचणारच नाही. समजा, इंजिन मिनिटास २,००० फेरे करीत आहे व दुसरे चक्र १,८८०. ही ६ टक्के घसरण झाली. इंजिन त्या वेळी ४० अश्वशक्ती देत असेल तर त्यातील २.४ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १.८ किलोवॅट, केवळ तेल तापविण्यात जाते. आंघोळीचे पाणी तापविण्याची एक मोठी विजेची कांडी सतत तेलात बुडवून ठेवल्यासारखेच ते आहे. घाटात तर घसरण २० टक्क्यांवर जाऊ शकते. पिळाच्या वाढीमुळे त्यातील काही भाग परत मिळतो हे धरले तरी ६० अश्वशक्तीपैकी सातएक अश्वशक्ती उष्णतेत जाते. साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीवर किती पाणी निघते हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

ही घसरण थांबविण्यासाठी डब्यात एक क्लच बसविलेला असतो. त्यालाच लॉकअप क्लच म्हणतात. दुसऱ्या चक्रास जोडलेली, घर्षणाचे अस्तर असलेली एक तबकडी तेलाच्या दाबाने डब्याच्या पुढील भिंतीवर दाबली जाते, आणि इंजिन व गिअरपेटी एकजीव होतात. दाब सोडला की पुन्हा तेलाचा सांधा. कल्पना जुनी आहे. कन्व्हर्टरचे एकस्व जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी घेतले, आणि अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४९ साली आपल्या मोटारीत लॉकअप क्लच दिला. पुढे पेट्रोल स्वस्त असल्याने तो मागे पडला व १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर सर्वांना आठवला; क्रायस्लरने तो १९७८ च्या गाड्यांत आणला.

हा क्लच केव्हा लावावा याचा हिशेब कसा करतात, हे समजण्यास अमेरिकेतीलच एक गिअरपेटी घेऊ. जनरल मोटर्सची ७००-आर-४ ही चार गिअरांची पेटी १९८२ साली निघाली. तेथील शेतकऱ्यांच्या पिकअप गाड्यांत ती मोठ्या प्रमाणावर बसली. १९९३ पासून तिचे संगणकाने चालणारे ४-एल-६०-ई हे रूप आले आणि लॉकअपचे वेळापत्रक आकड्यांनी बदलणे शक्य झाले. हिचा तिसरा गिअर १.०० व चौथा ०.७० आहे. मागील धुरीचे प्रमाण ३.४२ व टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये लॉकअप लागल्यावर इंजिन मिनिटास सुमारे १,४५० फेरे करते. तिसऱ्यात तेच सुमारे २,०७० होतात. रिकाम्या गाडीस सपाट रस्त्यावर १,४५० पुरेसे आहेत. मागे जनावरांचा ट्रेलर जोडल्यावर मात्र त्या फेऱ्यांत इंजिन गुदमरते. म्हणून ओझे ओढताना चौथा गिअर टाळून तिसऱ्यातच लॉकअप लागू देणे तेथे योग्य मानतात.

लवकर लॉकअपचा मोह का टाळावा, हे येथेच कळते. तेलातील घसरणीची उष्णता साऱ्या तेलात पसरते व रेडिएटरपाशी ते तेल निवते. परंतु कमी फेऱ्यांत, जड ओझ्याखाली क्लच लावला व इंजिनाचा पीळ त्याच्या पकडीहून अधिक झाला, तर अस्तर स्वतः घसरू लागते. ती उष्णता हातभर रुंदीच्या तबकडीवरच साचते व अस्तर जळते. तेलाचा सांधा वाचवावयास जाऊन क्लच गमावण्यासारखे ते होय.

उलट बाजूही आहे. चौथ्या गिअरमध्ये क्लच मुळीच न लावता या पेटीवर दूरचा प्रवास केल्यास तेल तापून पेटी लवकर निकामी होते. तेव्हा प्रश्न लावावा की नाही असा नसून कोणत्या वेगास व पायाखाली किती दाब असता लावावा असा आहे. समजुतीसाठी आकडे घेऊ: पाय हलका असता ताशी ७२ किलोमीटरला लावावा व ६४ ला सोडावा, ॲक्सिलरेटर अर्धा दाबला असता ९० ला लावावा, ८० ला सोडावा, पाऊणाहून अधिक दाबला तर सोडून द्यावा, कारण तेव्हा चालकास पिळाची वाढ हवी असते. लावण्याच्या व सोडण्याच्या वेगांत हे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. पाण्याच्या टाकीतील फ्लोट एकाच पातळीवर मोटार चालू व बंद करू लागला तर स्टार्टर किती दिवस टिकेल? तसेच हे. अंतर थोडे ठेवले तर चढउताराच्या रस्त्यावर क्लच दर मिनिटास लागतो व सुटतो, आणि प्रत्येक लागण्यात अस्तर थोडे झिजते. माझ्या मते वेळापत्रकातील सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट हीच आहे, आणि ॲव्हरेजच्या नादात तीच प्रथम विसरली जाते.

ब्रेकचे पायडल दाबताच क्लच सुटलाच पाहिजे, नाहीतर गाडी थांबताना इंजिन बंद पडेल. जुन्या पेट्यांवर काही हौशी लोक लॉकअपसाठी हाताचे बटन बसवितात; ते बसविलेच तर तार ब्रेकच्या स्विचमधून न्यावी. थंड तेलात क्लच लावू नये. तेल फार तापले असता मात्र लावणे हितकर, कारण तापण्याचे मूळच बंद होते. क्लच किती मऊपणे लागावा यालाही महत्त्व आहे. ४-एल-६०-ई मध्ये १९९५ पासून दाब हळूहळू वाढविण्याची सोय आली व नंतरच्या पेट्यांत इंजिनाची धडधड गिळण्यासाठी वीसएक फेऱ्यांची घसरण मुद्दाम राखू लागले. अशी घसरण सोसणारे अस्तर वेगळे असते. साध्या अस्तराच्या पेटीत ती सोय आकड्यांनी आणू पाहणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

आकड्यांस हात लावण्यापूर्वी क्लच खरोखर लागतो की नाही हे पाहावे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, पुढेमागे वाहन नसता, पाय व वेग स्थिर ठेवून ब्रेकचे पायडल दिवा लागण्यापुरतेच स्पर्शावे. काट्यावरील फेरे दोन-तीनशेने वाढून पुन्हा खाली आले तर क्लच लागत व सुटत आहे. हलक्या पायाने जाताना गाडी नांगरटीवरून चालल्यासारखी थरथरत असेल तरीही हाच प्रयोग करावा. स्पर्श करताच थरथर थांबली तर दोष लॉकअपचा. न थांबली तर बहुधा इंजिनाचा एखादा सिलिंडर चुकत आहे. दोष लॉकअपचा ठरल्यास प्रथम पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घालून पाहावे, कारण अस्तराची पकड तेलातील द्रव्यांवर अवलंबून असते व जुन्या तेलात ती द्रव्ये संपतात. तेल बदलूनही थरथर राहिली तर अस्तर गेले असे समजून कन्व्हर्टर बदलावा. क्लच उशिरा लावून थरथर दडविता येते. अस्तराचा चुरा मात्र तेलाबरोबर फिरून गिअरपेटीच्या बारीक व्हॉल्व्हांत बसतच राहतो.