भातानंतरचं पीक

बांधावरून खाचरात उतरतो तर बुटाखाली धसकटं करकरतात. महिन्यापूर्वी इथं भात उभा होता, आता सात टेंट उभे आहेत, निळे आणि केशरी. अकोले तालुक्यातलं साम्रद, सांदण दरीच्या तोंडावरचं गाव. डिसेंबर आहे, सात वाजायच्या आत काळोख झालाय आणि समोरच्या रतनगडाचं नेढं आता शोधूनही सापडत नाही.

"दादा, तो टेंट नका घेऊ, सखल हाये. बांधाकडचा घ्या." काका काखेत पेंढ्याचा भारा घेऊन येतात. टेंट अर्धवट उचलून खाली चांगला वीतभर पेंढा पसरतात, गुडघ्यानं दाबून बघतात, पुन्हा दोन मुठी घालतात. "नुसत्या चटईवर झोपलात तर धसकटं रातभर टोचत्यात."

फोनला रेंज नाही. पत्र्याचा संडास घरामागं, बादली बाहेर. जाहिरातीतल्या फोटोत तो नव्हता. आहे मात्र स्वच्छ.

जेवण पडवीत. मावशी चुलीपुढं नागलीच्या भाकरी थापतायत. पीठ उकळत्या पाण्यात भिजवलेलं, हाताला चटके बसत असणार. पण मळताना त्या आमच्याशीच बोलतायत. नागली ज्वारीसारखी चिकट नाही, म्हणून कड फाटते. फाटली की ओल्या बोटानं सांधायची, पुन्हा थापायची. तव्यावर पडली की ती काळपट लाल होते. पिठलं, ठेचा, शेवटी वाफाळता भात. "याच खाचरातला," मावशी सांगतात, आणि ज्याच्यावर झोपायचंय तेच खातोय हे मला उशिरा कळतं.

शेकोटीपाशी विषय पाण्यावर जातो. येताना भंडारदऱ्याचं धरण गाडीतून दिसत होतं, काठोकाठ. १९२६ साली बांधून झालेलं. ते पाणी प्रवरेतून, कालव्यांतून खाली उसाला जातं. "पाऊस आमच्या डोक्यावर, धरण आमच्या उशाला," काका म्हणतात, "आन् मे महिन्यात हंडा हिच्या डोक्यावर." मावशी काही बोलत नाहीत. निखारा तेवढा पुढं सारतात.

एवढ्यात पलीकडच्या खाचरातल्या मुक्कामी टोळक्याचा स्पीकर सुरू होतो. दोन गाणी आम्ही सहन करतो. काका बॅटरी घेऊन उठतात, जातात, आणि पाच मिनिटांत सगळं गप्प.

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, बिबट्या फिरतोय."

"फिरतोय?"

"फिरतो की. कधी कधी."

त्यानंतर टेंटबाहेर जायला आमच्यातलंही कुणी तयार नसतं.

टेंट हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग, हे लिहायलाच हवं. पहाटे चारला आतल्या कापडावर दव जमून थेंब कपाळावर पडतात, स्लीपिंग बॅगची चेन निम्म्यात अडकते. पेंढ्याची ऊब पाठीला आहे तेवढीच. पाचला मी नाद सोडून चुलीशी येऊन बसतो. मावशी आधीच उठलेल्या, गवती चहा उकळतोय. उजाडतं, पण ऊन येत नाही; सूर्य रतनगडामागं अडकलाय. अलंग, मदन, कुलंग उजळले तरी आमचं खाचर सावलीतच.

"आठाच्या आत सांदणीत उतरा, मंग गर्दी व्हती. पाणी कमरेइतकं हाये, मोबाइल प्लॅश्टिकात बांधा."

आम्ही बॅगा आवरतो. काका आमचा टेंट उचलून बाजूला ठेवतात. खालचा पेंढा आमच्या अंगाच्या आकारात दबलेला आहे. मावशी तो कवेत गोळा करतात, त्यात राहिलेला माझा मोजा काढून मला देतात आणि भारा गोठ्यात नेऊन टाकतात.

गाय हुंगते आणि खायला लागते.