चंद्राएवढा माणूस

कोजागरीचा चंद्र उगवताना डोळ्यांना केवढा तरी वाटतो, पण मोबाइलने टिपला की फोटोत उरतो पांढरा ठिपका. दोष कॅमेऱ्याचा नाही. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. त्याचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या साधारण 110वा भाग आहे. त्यामुळे सेन्सरवरची त्याची प्रतिमाही लेन्सच्या नाभीय अंतराच्या, म्हणजे फोकल लेंग्थच्या, 110व्या भागाएवढीच पडते. 50 मिमीच्या लेन्समधून ती अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही, आणि फुल-फ्रेम सेन्सर तर 36 बाय 24 मिमीचा. 500 मिमीच्या लेन्सने तीच प्रतिमा साडेचार मिमी होते, फ्रेमच्या उंचीचा जवळपास पाचवा हिस्सा.

आता टेकडीच्या माथ्यावर, चंद्राच्या पुढ्यात, 1.7 मीटर उंचीचा माणूस उभा आहे. 19 मीटरवरून 50 मिमी लेन्सने त्याची प्रतिमा साडेचार मिमी उंच येते, म्हणजे चंद्राच्या दहापट. छायाचित्रकार 190 मीटरवर मागे गेला आणि 500 मिमीची लेन्स लावली, की माणूस फ्रेममध्ये पूर्वीएवढाच राहतो. मागचा चंद्र मात्र थेट त्याच्या उंचीचा होतो. असे फोटो पाहून अनेकांना जोडकामाची शंका येते. त्यात जोडकाम असावेच लागत नाही.

टेलिफोटो लेन्स मागचे दृश्य पुढे ओढते, हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. माणूस आणि चंद्र यांच्या आकारांचे प्रमाण कॅमेरा 190 मीटरवर नेला तेव्हाच ठरले. तिथून 50 मिमीने काढलेल्या फोटोचा मधला भाग कापून दहापट मोठा केला तरी हीच रचना मिळते. फक्त बारकावे हरवतात. लेन्सने एवढेच ठरते, की समोरच्या दृश्याचा किती भाग चौकटीत यायचा.

चेहऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो. कानांपेक्षा नाकाचा शेंडा 12 सेंमी पुढे धरला, तर 30 सेंमीवरून घेतलेल्या सेल्फीत नाक कानांच्या तुलनेत 1.4 पट मोठे येते. दोन मीटरवरून हा फरक सहा टक्क्यांवर उतरतो.

टेकडीवरच्या फोटोला मुदत मात्र थोडी. सुमारे दोन मिनिटांत चंद्र आपल्या व्यासाएवढा सरकतो, आणि तो माणसाच्या मागेच राहायला हवा असेल तर तेवढ्या वेळात कॅमेराही उलट दिशेला पावणेदोन मीटर हलवावा लागतो.